मोकळा रकाना
हँडओव्हर हा शब्द बॉयलरवाल्याला बायकोनंच समजावला होता. "अहो, पाळी संपली की तुम्ही वही दुसऱ्याच्या हातात देता ना? तेच. आपलं काम दुसऱ्यावर सोपवायचं." कारखान्यातलं इंग्रजी ती त्याला असं सोपं करून द्यायची. अठरा वर्षांत तिला दाखवल्याशिवाय त्यानं एकाही कागदावर सही केली नव्हती.

ती आजारी पडून दवाखान्यात होती तेव्हा सुट्टीसाठी हँडओव्हरचा कागद भरावा लागला. काम तिच्या भावाकडे जाणार होतं. त्याला कामाला चिकटवलं होतं बॉयलरवाल्यानंच, एकेक झडप हात धरून शिकवली होती. कागदात 'परत रुजू होण्याची तारीख' असा रकाना होता.

"तो मोकळा ठेवा दाजी," मेहुणा म्हणाला. "ताई बरी होईल तो दिवस आपला."

बॉयलरवाल्याला पटलं. तारीख लिहायची म्हणजे तिच्या दुखण्याला मुदत घालायची. कागद घेऊन दोघं तिच्या खाटेशी गेले. तिनं वाचायला घेतला. बॉयलरवाला औषधं घेऊन परतला तेव्हा म्हणाली, "करा सही."

ती गेली. महिन्याभरानं तो कामावर आला, तर त्याचं नाव गोदामाच्या हजेरीत.

"हँडओव्हरवर तारीख नसली की जागा सोडली असं धरतात," कारकून म्हणाला. "कचेरीत सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या मेहुण्यानं तर येऊन विचारलंही होतं."

मेहुणा बॉयलरपाशी उभा होता.

"तुला ठाऊक होतं?"

"दाजी, बसा ना. चहा सांगतो."

"केसानं गळा कापलास, आता चहा पाजतोस?"

"माझी नोकरी हंगामी होती. दोन पोरी आहेत. तुम्हाला गोदामात तरी घेतलं, मला हाकललंच असतं." मग खाली बघत तो म्हणाला, "आणि ताईला माहीत होतं. तुम्ही औषधं आणायला गेलात, तेव्हा तिनं रकान्यावर बोट ठेवून विचारलं. मी खरं ते सांगितलं. म्हणाली, राहू दे मोकळा."

"खोटं बोलतोस."

"पोरींची शपथ."

भावाचा दगा एक वेळ बॉयलरवाला गिळू शकला असता. पण आता घरी जाऊन विचारायचं कुणाला? आणि तिच्यासाठी रडायचं तरी कसं?

मेहुण्याच्या पाठीमागं दाबाचा काटा लाल रेघेकडे सरकत होता. बॉयलरवाल्याचा हात सवयीनं झडपेकडे गेला. त्यानं तो मागं घेतला.

"काटा बघ," तो म्हणाला, आणि गोदामाकडे चालू लागला.