शेंदराखालचा बाण

छत्तीसगडात, तेलीबांध्याच्या त्या गल्लीत एवढी गर्दी गणपतीतही होत नसे. कंपाउंडच्या भिंतीवर पोट्टे, समोरच्या गच्चीवर बायका, गेटाला लटकलेला एक फुगेवाला. आणि या सगळ्यांच्या मधोमध, पोर्चमध्ये, दिवंगत दिवाकर वकिलांची लाल दोन-सीटर विलायती गाडी! झेंडूच्या माळांत बुडालेली आणि उजव्या मागच्या पंक्चर चाकावर बसकण मारलेली.

"आँखें बंद!" अडलेली चाके मंत्राने उघडणारे म्हणून 'चक्कावाले' म्हटले जाणारे बाबा गरजले. "जो देखेगा, आत्मा उसी में घुसेगी!"

सगळ्यांनी डोळे मिटले. फुगेवाल्यानेही. मिटले नाहीत ते फक्त वकिलांच्या मुलीने, मंजिरीने. ती दातांची डॉक्टर. इतरांना तोंड उघडायला लावायचे आणि आपले डोळे उघडे ठेवायचे, हा तिचा रोजचा धंदा.

बाबांनी उजव्या पुढच्या चाकावरून लिंबू उतरवले. तांबड्या कापडात गुंडाळलेला पुरुषभर लांब 'त्रिशूल' चाकाच्या मध्यावर टेकवला. दोन धष्टपुष्ट शिष्य त्याच्या लांबच्या टोकाला 'भक्तिभार' म्हणून लोंबकळले.

चर्रर्र!

"खुल गया!" लोकांनी डोळे उघडले तर चाकाचा नट बाबांच्या तळहातावर. डाव्या बाजूची दोन चाके आधीच उघडली होती, हे तिसरे. फुगेवाल्याच्या हातून सुटलेले फुगे आभाळात गेले, तेही बाबांनीच नेले असे एका बाईने शपथेवर सांगितले.

या गाडीच्या चाकाला चारपाच नट नसतात. मधोमध एकच भला थोरला नट, त्याला दोन कान. कानावर हातोडा हाणून तो आवळायचा आणि हाणूनच सोडवायचा. वकील होते तोवर हे काम तेच करत. गाडीला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. ते गेले, पाठोपाठ चाक बसले. पंक्चर काढायला उरल्याच्या कारखानावस्तीतून ट्रकचा साहू मिस्त्री आला. त्याने एक नट हाणला, तो हटेना. मग हट्टाला पेटून चारही हाणले. हातोड्याचा दांडा मोडला, नट जागचे हलले नाहीत.

"दीदी, मैंने अठारह चक्के का ट्रेलर खोला है," साहू घाम पुसत म्हणाला. "इसमें कुछ और ही बात है."

ती 'और बात' शेजारच्या शिशिरकाकांनी उचलली आणि ते बाबांना घेऊन आले. बाबांनी नटांवर मुठीने शेंदूर थापला, रोज संध्याकाळी 'तीर्थ' शिंपले आणि निकाल दिला: वकीलसाहेबांचा जीव गाडीत अडकला आहे. तीन चाके इथे सुटतील. चौथ्यात, त्या पंक्चर चाकात, ते स्वतः बसलेत; ते फक्त आश्रमाच्या मातीवर उघडेल. गाडी तिकडे न्यावी लागेल. कायमची.

हसण्यावारी नेता आले असते. पण त्या दिवसापासून मंजिरीची आई, इंदूताई, चहाचा कप घेऊन चौथ्या चाकाशेजारी बसू लागली.

"चहा थंडा होऊन राहिला हो," ती चाकाला म्हणायची. मंजिरी दारामागे उभी राहून ऐकायची आणि आत जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. वडिलांची टोपी अजून स्टिअरिंगवर होती. त्या टोपीला मंजिरीने हात लावला नव्हता.

त्या संध्याकाळी गर्दी पांगल्यावर मंजिरी म्हणाली, "आई, त्या तीर्थाला रॉकेलचा वास येतो."

"तुले सगळ्यालेच वास येते. दवाखान्यात बसून बसून नाक बिघडलं तुझं."

"आणि बाबाजी नटाला काय म्हणाले, ऐकलंस? 'ये स्पिनर बडा जिद्दी है.' हिमालयात तप करणाऱ्याला या नटाचं गॅरेजातलं नाव कसं ठाऊक?"

"क्रिकेट पाहत असतील," शिशिरकाका मध्येच म्हणाले. "साधू झाले म्हणून काय झालं?"

"बरं. मग नट फिरवताना ते साहूच्या उलट्या बाजूला का फिरवतात?"

"त्यांनीच तर सांगितलं! संसारी माणूस जिकडे फिरवतो, संन्यासी त्याच्या उलट."

मंजिरीने वाद सोडला. कीड लागलेल्या दाढेशी वाद घालत नाहीत; तिथे हत्यार लागते.

हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाले, आणि तेही आईच्या हातून. त्या दिवशी हरेली होती. अख्ख्या छत्तीसगडात हरेलीला अवजारे धुतात, पुजतात, आणि दिवसभर त्यांना काम सांगत नाहीत. वकिलांचे घराणे भोसल्यांच्या काळात इथे आलेले. पोळा त्यांनी सोडला नाही आणि हरेलीही सोडली नाही. इंदूताईंनी विळी, कुदळ, वकिलांचे पाने, सगळे नळाखाली धुतले. आत्मा बांधलेला राहावा म्हणून बाबांनी त्रिशूल गाडीपाशीच ठेवला होता. त्यालाही पूजेत मान द्यावा, या भक्तिभावाने तिने त्याचे तांबडे कापड धुवायला सोडले.

"मंजूऽऽ!"

मंजिरी ब्रश तोंडात धरूनच धावली. आत लोखंडी पाइप होता. त्याच्या टोकाला लाकडाची जाड वाटी, तिला दोन खाचा, आतून सायकलच्या ट्यूबचे रबर.

इंदूताईंनी खाचांत बोट घातले. मग नटाच्या दोन कानांकडे पाहिले. पुन्हा खाचांकडे.

"हा त्रिशूल नाही गं," ती सावकाश म्हणाली. "हा पाना आहे. तुझ्या बाबांकडं हातोडा होता, या मेल्याकडं पाना."

मंजिरीने दवाखान्याच्या बॅगेतून दातांवरचे किटण खरवडायचे हत्यार काढले आणि चौथ्या नटासमोर मांडी घातली. बाबांनी थापलेला शेंदूर भुगा होऊन पडला. पण त्याखाली आणखी एक थर निघाला, जुना, तेलकट, दगडासारखा.

"हा कोणाचा?"

इंदूताईंनी पदर तोंडाला लावला. "माझा. दर दसऱ्याला लावते ना, तेलात कालवून. गाडीची लक्ष्मी म्हणून."

तो थरही निघाला. खाली धातूत कोरलेली इंग्रजी अक्षरे होती: 'अनडू', म्हणजे 'सोडवा'. आणि शेजारी एक बाण. उजवीकडे वळलेला.

साहूने हाणला होता तो डावीकडे. आधी इंदूताईंना हसू फुटले, मग मंजिरीला, आणि मग दोघी पोर्चच्या फरशीवर बसून पोट धरधरून हसल्या. वकील गेल्यापासून त्या घरात असा आवाज झाला नव्हता.

दहा वाजता बाबा गाडी न्यायला टेम्पो घेऊन आले. मागे सारी गल्ली. साहू मिस्त्रीही आला होता.

"बाबाजी, एक विनंती," इंदूताईंनी हात जोडले. "नेण्याआधी मले एकदा हा नट फिरवू द्या."

बाबांची नजर उघड्या पाइपवर पडली आणि चेहरा उतरला. "माताजी, अनर्थ! आज हरेली है! आज के दिन औजार नहीं चलाते!"



"औजार?" मंजिरी म्हणाली. "कालपर्यंत तर त्रिशूल होता."

गच्चीवरून कोणीतरी फिस्सकन हसले. बाबांनी तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. इतके रिकामे तोंड मंजिरीने आजवर पाहिले नव्हते.

"आज सगळ्यांनी डोळे उघडे ठेवा," ती म्हणाली. "आत्मा कोणातही शिरणार नाही, माझी जबाबदारी." तिने वाटी नटाच्या कानांवर बसवली. इंदूताईंनी पदर खोचला, बाण पाहिला आणि पाइपच्या लांबच्या टोकावर आपला सगळा भार टाकला.

चर्रर्र! तोच आवाज. ना लिंबू, ना मंत्र.

"अरे!" साहूने कपाळावर हात मारला. "जुन्या ट्रकच्या लेफ्ट साइडच्या नटाचा आटा उल्टा असतो, राइटचा सीधा. मैं वैसे ही घुमा रहा था. याचा तर राइट उल्टा हे, लेफ्ट सीधा! खोलून नाही, चारही कसून राहिलो होतो मी!"

"आणि बाबाजी सोडवून राहिले होते," मंजिरी म्हणाली. "आधी रॉकेलनं गंज सैल केला. मग लांब दांड्यावर दोन माणसांचं वजन. आणि दिशा बरोबर. एवढाच चमत्कार."

"पण हे बाबाले कसं माहीत?" शिशिरकाका काकुळतीने म्हणाले.

उत्तर द्यायला बाबा जागेवर नव्हते. टेम्पो सुरू झाला होता आणि शिष्य त्यामागे धावत होते, भक्तिभारासकट. मागाहून कळले की पूर्वाश्रमी हे बाबा एका संस्थानिकाच्या मोटारखान्यात चाके बदलत होते. विद्या खरी होती. तिला भगवे कापड गुंडाळायची तेवढी गरज नव्हती.

चाक बदलले, बाकीचे नट आवळले. मंजिरीने स्टिअरिंगवरची टोपी उचलली आणि जरा थांबून आपल्या डोक्यावर घातली. आई शेजारी बसली. तेलीबांध्याच्या तलावाला वळसा घालताना वारा इतका आला की बोलणे ओरडूनच करावे लागले.

"मंजू! मग ते कुठं आहेत गं?"

मंजिरीला खोटे बोलता आले असते. चक्कावाले बाबा तेच बोलले होते.

"माहीत नाही, आई. पण नटात नाहीत, एवढं नक्की."

इंदूताई पाण्यावरची नजर काढून रस्त्याकडे वळली. मग म्हणाली, "जोरात चालव जरा. ते जोरात चालवायचे."

माणूस गेला की मागे राहिलेले कुठेतरी हात टेकायला जागा शोधतात. त्यात लाज नाही. पण जो त्या जागेवर शेंदूर थापून म्हणतो, 'डोळे मिटा,' त्याच्यापुढे तरी डोळे मिटू नका. खरवडा. विचारा. उत्तर बहुतेक वेळा तिथेच कोरलेले असते.

त्या दसऱ्यालाही इंदूताईंनी गाडीची पूजा केली. झेंडू वाहिला, नटांना शेंदूर लावला. फक्त बाणावर बोट जाऊ दिले नाही.