उमेशच्या मापाची गाडी

श्रावणात उमेश गेला. साधी कावीळ, गावठी औषधानं उतरेल म्हणून त्यानं अंगावर काढली, आणि नाशिकला नेईपर्यंत उशीर झाला. मोखाड्याच्या आमच्या दोन खोल्यांत माणसं मावेनात. सूर्यमाळहून सासूबाई आल्या, त्यांच्या पाड्यावरच्या बायका आल्या, आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. मी त्यांना पाणी दिलं, चादरी काढून दिल्या, आणि तेरावं झाल्यावर शाळेत जाऊन तिसरीचा वर्ग घेऊ लागले. मला रडू येत नव्हतं. खरं सांगायचं तर दुःखही होत नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपला वाटत नाही, तशी मी सगळीच झाले होते.

"रड गे बाय," सासूबाई म्हणाल्या. "आत साचला तं अंगावर येल."

मी बरं म्हटलं. दळण आणायला सांगितल्यावर म्हणावं तसं.

मागच्या पडवीत उमेशची गाडी उभी होती. तिच्याकडे बघूनही काही होत नव्हतं. उमेश पंचायत समितीत क्लार्क होता. त्याला, त्याच्याच ऑफिसातल्या दिपेशला आणि जव्हार-मोखाड्याच्या काही मास्तरांना एक खूळ होतं. भंगारातल्या सायकली तोडून घरी गाड्या बनवायच्या, इंजिन नाही, नुसतं पायांचं बळ, आणि दर जानेवारीत एका रविवारी त्यांची शर्यत लावायची. गाव हसायचं. मीही हसायचे. नोकरी नसती तर ह्यांनी पायडल मारून पोट भरलं असतं, असं मी पाहुण्यांसमोर म्हणायचे आणि उमेश सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

त्याच्या गाडीला पुढे दोन चाकं होती, मागे एक. आरामखुर्चीत रेलावं तसं बसायचं आणि पाय पुढे लांब करून पायडल मारायचं. बसायची जागा आणि पायडल एकाच लांब पाइपवर जोडलेली. उमेश ताडमाड उंच, त्यानं पाइप स्वतःच्या पायांच्या मापानं कापला होता. ऑफिस सुटलं की गाडी जव्हारच्या रस्त्यावर नेऊन बघायचा. चेन पडायची, मग काळे हात घेऊन घरी यायचा आणि नेमका धुतलेला टॉवेल शोधून पुसायचा. गेल्या शर्यतीत ऐन चढावर चेन पडली आणि तो दुसरा आला. महिनाभर तोंड पाडून बसला होता. पुढच्या वेळी पहिला येणार, हे मी जेवताना ऐकलं, झोपताना ऐकलं, अंघोळीच्या दाराआडूनही ऐकलं.

शर्यत जवळ आली तेव्हा दिपेश घरी आला. उमेशची गाडी त्याला शर्यतीत उतरवायची होती. पण तो बुटका, त्याचे पाय पायडलला पोचत नव्हते. पाइप चार बोटं कापून परत जोडायला हवा होता. हे सांगताना त्याची मान वर होत नव्हती. मी वाल निवडत होते. कापा म्हटलं आणि निवडत राहिले.

शर्यतीच्या दिवशी बघते तर त्यानं पाइप कापलाच नव्हता. पाय पोचावेत म्हणून पायडलला लाकडी ठोकळे ठोकले होते. पुढे झेंडूचा हार आणि उमेशचा फोटो. चढाला ठोकळे हलू लागले, पाय सटकू लागले. बाकीच्या गाड्या वळसा घालून परत आल्या तरी दिपेश वरच होता. शेवटी घामानं निथळत आला, सगळ्यांत मागून. आणि लोकांनी टाळ्या काय वाजवल्या! पहिल्या आलेल्या रोहिदास गुरुजींनाही तेवढ्या मिळाल्या नव्हत्या. एका बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला संताप आला. श्रावणापासून मला काहीतरी आलं, ते हे पहिलंच.

मी हार ओढून काढला. फोटो सोडवून पिशवीत घातला. दिपेशला विचारलं, कापा म्हटलं होतं ना?

"हात नाय धजला, वहिनी," तो म्हणाला. "त्याच्या मापाची हाय ती."

शर्यत झाली तरी पाइप आजच कापायचा, म्हणून त्याला गाडी ढकलत ढवळूच्या दुकानी आणायला लावलं. ढवळू आमच्या गल्लीच्या तोंडाशी वेल्डिंग करतो. उमेश यंदा पहिला येणार होता, हारतुऱ्यात शेवटचा नाही, हे मी वाटभर बोलत होते. दिपेश ऐकून घेत होता. ढवळूनं पाइपवर खडूनं खूण केली तेव्हा मात्र त्यानं हात आडवा घातला.

"राहू द्या, वहिनी. उमेशची हाय, उमेशसारखीच राहू द्या."

"उमेश नाहीये," मी म्हटलं.

गेला, वारला, देवाघरी गेला, सगळं बोलून झालं होतं. हे बोलले नव्हते. दिपेशनं हात काढून घेतला. मी ढवळूला खूण केली.

कटर फिरला, ठिणग्या उडाल्या, तुकडा सुटून खाली पडला. ढवळू तो पायानं भंगारात सारणार होता, त्याच्या आधी मी उचलला. चार बोटांची पोकळ नळी. दिपेशपेक्षा उमेश एवढा जास्त होता. नळी चांगलीच तापलेली होती, तरी मूठ उघडेना.

ढवळू धावत तांब्या घेऊन आला. भाजलं का, म्हणून विचारू लागला. मी हो म्हटलं, आणि रस्त्यात सगळ्यांसमोर भोकाड पसरलं.