लोकरीखालची हाडं

मांत्रिक आबाह सुरजांच्या अंगणात निम्मं गारुत गाव लोटलं होतं. गावातल्या एंतिनबाईचं मरायला टेकलेलं कोकरू त्यांनी सात दिवस त्याच्या आईसकट ठेवून घेतलं होतं. आज ते उड्या मारत बाहेर आलं आणि बायका रडायलाच लागल्या.

"मेंढीचं दूध पिणारी हडळ मी हाकलली!" आबाह गरजले. "पण घरी जाऊन शंका घेतलीत, तर ती परत येणार. मग पुन्हा इथंच यायचं. येताना कोंबडा आणायचा."

हडळ कोंबडा खात नाही, आबाह खातात. मी इथला मास्तर. मला शिसारी आली. एंतिनच्या जुळ्यातलं पहिलं कोकरू असंच आबाहंकडून टवटवीत होऊन घरी गेलं आणि पंधरा दिवसांत मेलं. तेव्हा "तुझी श्रद्धाच कमी पडली" म्हणून हा माणूस तिच्यावरच खेकसला होता. म्हणून या वेळी मी गुरांच्या डॉक्टर नुरलैलांना सोबत आणलं होतं.

डॉक्टरांनी एंतिनच्या मेंढीच्या पाठीवर लोकरीत हात खुपसला. "एंतिनताई, इथं दाबून बघा."

"अगंबाई! नुसती हाडं! वरून तर भरलेली दिसते."

"ती लोकर. अंगावरची चरबी झिजवून मेंढी दूध करते. अंगावर काही उरलंच नाही, तर दूध येणार कुठून?"

"मग कोकरू कसं सुधारलं?" तिचा नवरा ओदांग गुरकावला.

डॉक्टरांनी कोकरू मोकळं सोडलं. आईला सोडून ते तडक आबाहंच्या गोठ्यात शिरलं आणि तिथल्या धष्टपुष्ट मेंढीला लुचू लागलं. तिनं त्याचं शेपूट हुंगलं आणि शांत उभी राहिली.

"परक्या पिलाला मेंढी ढुशी मारते," एक म्हातारा म्हणाला. "आठवडाभर बांधून पाजलं, तरच घेते."

आबाहंना तेवढ्यात खोकला आला. त्यांच्या मेंढीपुढच्या गव्हाणीत सोयाबीनचा चोथा काठोकाठ भरला होता.

"मी काय मेंढीला उपाशी ठेवतो?" ओदांग चिडला. "रोज दोन भारे गवत कापतो!"

"आणि पहिला भारा कुणापुढे टाकता?" डॉक्टरांनी विचारलं.

"बादाईपुढे," ओदांग पुटपुटला. बादाई म्हणजे ओदांगचा टकरीचा मेंढा; पहिला भारा त्याला. वर कच्ची अंडी. गाभण मेंढीला त्याच्या पायाखालचं उरलंसुरलं. आम्ही सगळे हेच करतो आणि टकरीला टाळ्या पिटतो. आबाहंपेक्षा आमचीच किळस जास्त आली मला.

"मेंढी सुधारेपर्यंत याला बाटलीनं पाजा," डॉक्टर म्हणाल्या. "आणि पुढच्या खेपेला गाभण असतानाच तिला पोटभर घाला."

एंतिननं कोकरू छातीशी धरलं. "उद्यापासून पहिला भारा मेंढीला," ती नवऱ्याला म्हणाली. "बादाई हरला तर हरू दे. माझं एक कोकरू मेलंय."

तेव्हा बाबांनो, हडळ शोधायला कुणाच्या अंगणात जाऊ नका. आधी आपल्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवा.