सशांची वही

आप्पा कुत्र्यांची पैदास करायला लागले तेव्हा त्यांच्याकडच्या पिल्लांची एक खूण होती. पळताना ती मागचे दोन्ही पाय एकदम उचलायची, सशासारखी टुणटुण उडायची. बघणाऱ्याला गंमत वाटायची. जातिवंत कुत्री पाळणारी मंडळी म्हणायची, ही खास आप्पांच्या घरची चाल. आप्पांची मान ताठ व्हायची. पुढच्या पैदाशीला ते मुद्दाम असंच टुणटुण उडणारं पिल्लू ठेवायचे. सरळ चालणारं निघालं तर म्हणायचे, हे काही आपल्या वळणावर गेलं नाही.

बायको सात-आठ वर्षं हे बघत होती. एके दिवशी घरातली कुत्री पायरी चढेना. तिला उचलून वर ठेवताना बायको म्हणाली, "अहो, ही उडी नव्हे. एकेका पायावर भार आला की दुखतं, म्हणून बिचारी दोन्ही पाय एकदम टाकते."

आप्पा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गुपचूप कुत्रीला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. एक्स-रेमध्ये सगळं दिसलं. खुब्याची वाटी उथळ होती. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात बसायला हवा, तो नुसता काठाला टेकला होता. हे दुखणं आईबापांकडून येतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे इतकी वर्षं आप्पांनी हौसेने, निवडून निवडून, दुखणंच वाढवलं होतं.

त्या दिवसापासून बायकोने एक वही सुरू केली. एका पानावर एक वेत. प्रत्येक पिल्लाची एक ओळ आणि ज्याचे खुबे वाईट निघतील त्याच्या ओळीपुढे पेन्सिलने काढलेला एक छोटा ससा. पिल्लू कुणाच्याही घरी गेलेलं असो, वर्षाचं झालं की त्याचा एक्स-रे काढून घ्यायचाच. तिचा नियम एकच होता: सगळी भावंडं. कुत्र्याचे स्वतःचे खुबे चांगले असले तरी त्याच्या रक्तात काय लपलंय ते भावंडं सांगतात, असं तिने डॉक्टरीणबाईंकडून पक्कं समजून घेतलं होतं.

पहिल्या पानावर नऊ पिल्लांत पाच ससे होते. दुसऱ्यावर आठात तीन. तिसऱ्यावर आठात दोन.

चौथ्या पानाच्या वेळी भांडण झालं. तिच्या सख्ख्या धाकट्या भावाकडे सरदार नावाचा कुत्रा होता. देखणा, कपाट भरून पदकं मिळवलेला. त्याचा एक्स-रेही स्वच्छ होता. घरातल्या घरात जमतंय म्हणून सगळे खूश होते. तिने विचारलं, सरदारच्या भावंडांचं काय? भाऊ म्हणाला, ती कुठे कुठे गेली कुणास ठाऊक. तिने नकार दिला आणि पाववाल्याचा कुत्रा पसंत केला. त्याचं नाव भोपळ्या. पदक एकही नाही, पण अकराच्या अकरा भावंडं धडधाकट. तिने एकेका घरी फोन करून शोधून काढली होती.

भाऊ चिडला. "त्याचे कान बघितलेस का ताई? एक पूर्वेला, एक पश्चिमेला."

ती म्हणाली, "कानाने कोण चालतं?"

पिल्लं झाली तेव्हा ती नव्हती. तीन महिन्यांच्या दुखण्यात गेली. चौथ्या पानावर तिच्या अक्षरात फक्त आईचं आणि बापाचं नाव होतं. खाली सात ओळी आप्पांनी घातल्या, वाकड्यातिकड्या. पाववाला त्यांना व्याही म्हणू लागला आणि रोज सकाळी न मागता पाव देऊ लागला. एरवी घरात बोलायला कुणी नसायचं. आप्पा कुत्र्यांशी बोलायचे, तेही तिच्याबद्दलच.

सरदारचा मालक, आप्पांचा मेहुणा, मात्र टोमणे मारायचा. दाजी वहीशी संसार करतायत, असं चारचौघांत म्हणायचा. एकदा आप्पांचा तोल गेला. ते म्हणाले, या खेपेला ससे वाढले तर वही बंद आणि पैदासही बंद. बोलून गेले आणि मग त्यांना झोप लागेना. पैदाशीचं एवढं नव्हतं. वही बंद झाली तर तिचं म्हणून काय उरणार होतं?

पिल्लं वर्षाची झाली. रविवारी सकाळी दवाखान्यासमोर सहा कुत्री आणि सहा कुटुंबं जमली. सहाही कुत्र्यांचे कान वाकडे. मेहुणाही येऊन बाकावर बसला. डॉक्टरीणबाई एकेकाला गुंगीचं इंजेक्शन द्यायच्या, उताणं झोपवून मागचे पाय सरळ ताणायच्या आणि एक्स-रे काढायच्या. मग काचेवर लावून पट्टीने कोन मोजायच्या.

पहिला चांगला. दुसरा चांगला. तिसऱ्याला त्यांनी चष्मा पुसून परत पाहिलं आणि म्हणाल्या, इतका सुरेख खुबा मी वर्षातून दोनदाच बघते. चौथा, पाचवा, सहावा, सगळे चांगले. आप्पा बाकावर टेकले.

मेहुणा हळूच म्हणाला, "झालं की दाजी. सहाला सहा."

"सात आहेत," आप्पा म्हणाले.

सातवं पिल्लू गावाबाहेरच्या एका शिंप्याकडे होतं. आमची कुत्री ठणठणीत आहे, तिला उगीच कशाला गुंगी द्यायची, असं म्हणून त्याने यायचं टाळलं होतं. आप्पा म्हणाले, मी घेऊन येतो. मेहुण्याने समजावलं. सहा स्वच्छ निघालेत, कोण विचारणार आहे सातव्याचं? आप्पांनी ऐकलं नाही. शेवटी मेहुण्याच्याच गाडीतून दोघे गेले. शिंप्याच्या यंत्राशेजारी उभं राहून आप्पांनी त्याला बायकोबद्दल सांगितलं, वही उघडून ससे दाखवले. शिंप्याने हातातलं काम खाली ठेवलं आणि कुत्रीचा पट्टा उचलला.

सातव्या एक्स-रेवर डॉक्टरीणबाईंनी पट्टी दोनदा लावून पाहिली. मग म्हणाल्या, उजवी बाजू चांगली आहे, डावी किंचित सैल. दुखणं म्हणता येणार नाही, निर्दोषही म्हणता येणार नाही. वजन वाढू दिलं नाही तर आयुष्यभर मजेत पळेल. फक्त हिची पुढे पिल्लं घेऊ नका.

आप्पांनी पेन्सिल काढली. ते काय लिहितात, हे मेहुणा वाकून बघत होता. सातव्या ओळीपुढे आप्पांनी सशाचे दोन कान काढले आणि थांबले. बाकीचा ससा काढायचं कारण नव्हतं.

"नवात पाच होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज सातात नुसते कान. आप्पा, तुमच्या बायकोने काय केलंय ते कळतंय ना तुम्हाला?"

आप्पांना कळत होतं. त्यांना हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. दोन्ही आवरण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. बाहेर अंगणात गुंगी उतरल्यावर ती सातवी कुत्री शिंप्याबरोबर आलेल्या त्याच्या पोरींमागे पळत होती. एक पाय, मग दुसरा. एक पाय, मग दुसरा. आप्पा बघतच राहिले. एकेकाळी हीच चाल त्यांनी नापास केली होती.

मेहुणा शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "दाजी, वही काढा. सरदारच्या भावंडांचं लिहून घ्या."

"कुठे आहेत ते माहीत नव्हतं ना तुला?"

"माहीत होतं. सहा भावंडं. तीन लंगडी. एकाला तर तिसऱ्या वर्षीच..." त्याने वाक्य सोडून दिलं. "ताईला सांगायचं धाडस झालं नाही. पदकं हातची जातील असं वाटलं. आज तुम्ही सातव्यासाठी उठलात, मग मला बसवेना."

आप्पांनी नवं पान उघडलं. वर सरदारचं नाव लिहिलं, खाली सहा ओळी घातल्या आणि तीन ससे काढायला घेतले. पहिला मांजरासारखा झाला.

मेहुण्याने मान वाकडी करून पाहिलं. "कान चुकले, दाजी."

"असू देत," आप्पा म्हणाले. "कानाने कोण चालतं?"