सोमवारचा शब्द

आमच्या मुरुमच्या शाळेत सोमवारी इंग्रजीच्या तासाला पुस्तक उघडत नाही. पोरं शब्द आणतात. दुकानात, रस्त्यावर, पोत्यावर, कुठंही दिसलेला आणि न कळलेला इंग्रजी शब्द फळ्यावर लिहायचा. मग वर्गानं तीन प्रश्न विचारायचे. कुठं दिसला? शेजारी काय होतं? नंतर काय झालं? त्यावरून सगळ्यांनी मिळून अर्थ काढायचा. बरोबर निघाला की मी लाल खडूनं खूण करते. त्या खुणेसाठी दहावीची ही घोडी अजून भांडतात.

आमचे हेडमास्तर वसंतराव यावर लई तोंडसुख घेतात. "काय शामलाबाई, बोर्डाच्या पेपरात औंदा खताचं पोतं येणार का?" येऊ दे नाहीतर नको येऊ दे! गाईड घोकून पास झालेली पोरं मी ढिगानं पाहिलीत. निबंध झोकात लिहितात आणि फवारणीच्या बाटलीवरची ओळ वाचायची वेळ आली की डोकं खाजवतात. ह्याला शिकणं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. माझं म्हणणं साधं आहे. शब्द जिथं भेटला तिथंच त्याचा अर्थ विचारायचा. मोबाईल एकच अर्थ सांगतो, तो काही शेवटचा नसतो. म्हणून सोमवारच्या आधी मोबाईलमध्ये बघायला माझ्या वर्गात बंदी. आणि आलेला शब्द परत पाठवायचा नाही, हा दुसरा नियम. दोन्ही नियम मीच केलेले, मोठ्या तोऱ्यात.

त्या सोमवारी दिग्विजयनं हायवेवरच्या टँकरचा 'इन्फ्लॅमेबल' आणला. टँकरला टेकून ड्रायव्हरनं बिडी काढली आणि ढाबेवाला शिव्या घालत धावला, एवढ्यावर पोरांनी 'लगेच पेट घेणारं' असा अर्थ काढला. वैष्णवीनं सोयाबीनच्या बियाणाच्या पिशवीवरचा 'ट्रीटेड' आणला. 'औषध चोळलेलं' म्हणून तोही सुटला. दोन लाल खुणा झाल्या. मी खुशीत होते, खोटं कशाला सांगू.

मग निकिता उठली. रेवणप्पांची पोरगी. त्यांच्या घरात निम्मं कानडी चालतं, आईला ती अव्वा म्हणते. अव्वा, म्हणजे कमलबाई, दिवाळीपासून आजारी होत्या आणि रेवणप्पा त्यांना सोलापूरला नेऊन आणत होते, एवढं मला ठाऊक होतं. निकितानं खडू घेतला, एकेक अक्षर जपून लिहिलं आणि बाजूला झाली.

पॅलिएटिव्ह.

हा शब्द मी सासऱ्यांच्या कागदावर वाचला होता. दुखणं आता बरं होणार नाही असं ठरलं, की माणसाला निदान त्रास कमी व्हावा म्हणून जे करतात त्याला हा शब्द लावतात. सासरे त्यानंतर आंब्यापर्यंतही राहिले नाहीत.

"कुठं दिसला?" वर्ग ओरडला. मी विचारलं नव्हतं. पोरांना सवयच लागलेली.

"उमरग्याच्या दवाखान्यात. अव्वाच्या कागदावर."

"शेजारी काय होतं?"

"केअर."

"केअर म्हणजे काळजी," कुमार म्हणाला. "सोपंय की!"

"बरं, आता बसा," मी म्हटलं. "हा आपण पुढच्या सोमवारी घेऊ."

"असं कसं मॅडम?" दिग्विजय उभाच राहिला. "शब्द परत पाठवायचा न्हाय! तुमचाच नियम हाय." आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानं तिसरा प्रश्न टाकला. "नंतर काय झालं गं?"

निकिता सरळ उभी होती. "डॉक्टर अप्पांना म्हणाले, आता सोलापूरला न्यायचं काम न्हाय. सलाईन न्हाय, काय न्हाय. घरीच राहू द्या, तिला आवडतंय ते खाऊ घाला."

"मंजे बरी झाली!" दिग्विजयनं बाकावर थाप मारली. "सुट्टी दिली की डॉक्टरनं!"

"व्हय मॅडम," वैष्णवी म्हणाली, "आमच्या आज्याचं पथ्य सुटलं तवा असंच म्हणाले व्हते."

सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. कुमारनं पळत जाऊन शब्दापुढं लिहिलंसुद्धा: बरं झाल्यावर घ्यायची काळजी. पोरांचं कुठं चुकलं होतं? मी शिकवलं तसंच, एक पायरी न गाळता, पोरं त्या अर्थापर्यंत गेली होती. एरवी मी शाबासकी दिली असती. आता लाल खडू हातात धरून नुसती उभी होते. खरं सांगावं तर भरल्या वर्गात त्या पोरीला काय सांगणार होते मी? आणि नाही सांगावं तर कुठल्या तोंडानं शिकवणार होते?

"खूण, मॅडम! खूण!"

"गप्प बसा रे!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या वर्गातला आवाजही बंद झाला. माझ्या रागाची पोरांना सवय आहे, पण आज सगळी बावरली. तास संपल्यावर मुकाट्यानं बाहेर गेली.

निकिता थांबली. फळा पुसायची पाळी तिची होती. डस्टर हातात घेऊन ती त्या शब्दासमोर उभी राहिली.

"निकिता," मी म्हटलं. "त्याचा अर्थ... म्हणजे त्रास कमी करायचा, असा आहे बाळा."

"व्हय. मोबाईलवर पण तसंच हाय," ती म्हणाली. "त्याच्या पुढं पण लिहिलंय. बरं होणार नसंल तवा."

मी तिच्याजवळ गेले.

"म्या आधीच बघितलं व्हतं, मॅडम. नियम मोडला. चिडू नका."

"अगं, मग वर्गात कशाला आणलास?"

"तुमीच म्हणता की, मोबाईलचा अर्थ शेवटचा नसतो. जिथं भेटला तिथला खरा." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "म्हटलं, सगळ्यांनी मिळून काढला तर दुसरा निघतो का बघावं. निघाला की. फकस्त तुमी खूण केली न्हाय."

मला रडू येत होतं आणि स्वतःचा संतापही. केवढ्या ऐटीत सांगत आले होते मी ते वाक्य! मी खडू फळ्याला टेकवला. हात पुढं सरकेना. कुमारच्या ओळीपाशी लाल ठिपका तेवढा उमटला.

निकितानं थोडा वेळ वाट पाहिली. मग माझा हात हळूच बाजूला केला आणि फळा पुसला. आधी टँकर, मग बियाणं, सगळ्यात शेवटी तो.

दप्तर खांद्याला लावून ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"अव्वाला सांगते, वर्गात 'बरी झाली' असा अर्थ निघाला म्हणून. ते खोटं न्हाय ना, मॅडम? निघालाच की."

"नाही गं," मी म्हटलं. "खोटं नाही."