पेट्रोल कमी पडलं

अक्कलकोट रस्त्यावर, सोलापूरची वस्ती विरळ होते तिथं मानसिंगचं गॅरेज होतं. पान्हे त्याच्या हातात आणि लॅपटॉप बायकोच्या. वैजयंती करमाळ्याची, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली. कुठल्या इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं, हे तीच ठरवायची. या एका बाबतीत मानसिंगनं तिचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

धाकटा दीर इंद्रजीत यानं आपल्या गाडीला टर्बो बसवून घेतला. त्याला रविवारच्या शर्यतीत उतरायचं होतं. वैजयंतीनं हिशेब केला आणि नाही म्हणाली.

"इंजेक्टर लई बारके हायत. टर्बो दुप्पट हवा कोंबणार, तेवढं पेट्रोल यातनं यायचं कुटनं? मोठे मागवलेत, पंपबी मागवलाय. आठवडाभर दम धर."

"मग रविवार गेला की, वहिनी."

"पेट्रोलचा दाब वाढवू," मानसिंग मध्ये पडला. "त्याच इंजेक्टरातनं जास्त येईल."

"येईल, पण किती? दाब दुप्पट केला तर पेट्रोल दीडपटबी होत न्हाय. आणि पंप जुना. दाब चढवाल तसा त्याचा दम तुटतो. ऐन जोरात पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टन वितळंल. मी हे करणार न्हाय."

मानसिंगनं मान डोलावली. पण इंद्रजीत त्या दिवशी जेवला नाही, आणि त्याच्या आईचा, मुक्ताबाईचा, जीव सगळा त्या धाकट्यात. "बाप न्हाय त्याला," ती मानसिंगला म्हणाली. "तूबी असंच अडवणार का रं?" मानसिंग ताटावरून उठून गेला.

शनिवारी सकाळी इंद्रजीत मऊ आवाजात म्हणाला, "शर्यत राहू दे, वहिनी. नुसती हळू चालवतो. तू आकडे तरी बघ." तिला बरं वाटलं. पोरगं समजलं म्हणायचं. गाडीला जोडलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन ती शेजारी बसली.

वळसंग मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, तेव्हा तिचं लक्ष पेट्रोलच्या दाबाकडे गेलं. तिनं ठेवला होता त्याहून तो कितीतरी जास्त होता.

"हा कुणी वाढवला?"

"दादानं. तुला सांगू नको म्हणाला."

"गाडी बाजूला घे."

"एकदाच, वहिनी. तुझी शपथ, एकदाच."

त्यानं पाय दाबला. टर्बोची शीळ चढत गेली, ती सीटवर मागं रेलली गेली. दाबाचा आकडा आता टिकायला हवा होता, पण तो खाली घसरू लागला. पंप धापा टाकत होता.

"पाय काढ! इंद्रा, पाय काढ!"

इंद्रजीत हसत होता. त्याला ते ओरडणं भीतीचं वाटलं असावं. मग बॉनेटखाली घणाचा घाव बसल्यासारखा आवाज झाला. इंजिन फुटलं, तेल पुढच्याच चाकांखाली सांडलं, आणि गाडी आडवी होऊन बाभळीवर गेली.

शेतातली माणसं धावून आली. त्यांनी आधी वैजयंतीला बाहेर काढलं. इंद्रजीतला काढायची घाई करण्यात अर्थ उरला नव्हता.

मांडीचं हाड मोडलेलं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिनं मुक्ताबाईला खरं तेवढंच सांगितलं, "आई, मी ओरडले त्याला. लई ओरडले." पुढचं नवऱ्यानं सांगावं, म्हणून ती थांबली.

मानसिंग बोललाच नाही. ती घरी आली तोवर सगळ्या भावकीत एकच बोलणं झालं होतं: शेजारी बसून बाई किंचाळली, पोरगं दचकलं आणि गेलं. मुक्ताबाई तिच्या हातचं पाणीही घेईना.

"तुमी सांगणार हाय का न्हाय?" तिनं विचारलं.

मानसिंग भिंतीकडे बघत राहिला. "आईला आता मी एकटाच राहिलोय, वैजू. तिनं मलाबी टाकलं तर?"

"आणि मला टाकलं, ते?"



तेराव्याची माणसं परतली आणि वैजयंती कुबडी टेकत सासूसमोर जाऊन उभी राहिली. दाब कुणी वाढवला, का वाढवला, इंजिन कशानं फुटलं, सगळं तिनं साध्या शब्दांत सांगितलं. मुक्ताबाई ऐकत होती, पण बघत होती लेकाकडे.

"खरं हाय का रं?"

मानसिंगनं मान वर केली. वैजयंतीला वाटलं, आता सांगतोय.

"न्हाय, आई," तो म्हणाला.

"माझ्या लेकराचं मरण नवऱ्यावर ढकलतीस?" मुक्ताबाई उठली आणि आत गेली. मानसिंग तिच्या मागोमाग गेला. आतून त्याच्या रडण्याचा आवाज येऊ लागला, आणि आई त्याला उगी उगी करत होती.

वैजयंतीनं भावाला फोन लावला. तो करमाळ्याहून जीप घेऊन आला. तिची पिशवी त्यानंच उचलली, कारण घरातलं कुणी बाहेर आलं नाही.

पाय जुळला, पण आखूडच राहिला. पावसाळ्यात एकदा मानसिंगचा फोन आला. "आईला सांगतो, तू ये," म्हणाला. "आदी सांगा," ती म्हणाली, "मग येते." पलीकडून मुक्ताबाईनं त्याला जेवायला हाक मारली, तो "आलो" म्हणाला आणि फोन बंद झाला.