ब्रेंडाच्या गाऊनचा नमुना

परदेशातून आलेले बायकांचे कपडे कस्टममधून सोडवणं हा माझा धंदा. लोकांना वाटतं, कपडा म्हणजे कपडा. डोंबल! तो सुयांवर विणलाय की मागावर, बाहेर घालायचा की झोपताना, यावर जकातीच्या यादीतला त्याचा खाना ठरतो आणि खान्यावर जकात. शर्टाची डावी बाजू वर आली तर तो पुरुषाचा, उजवी आली तर बाईचा, आणि काहीच कळलं नाही तर बाईचाच. हे मी म्हणत नाही, कायदा म्हणतो. या सवयीपायी लग्नाकार्यात मी समोरच्याची बटणपट्टी आधी बघतो आणि तोंड नंतर. आमची सुनंदा म्हणते, "अहो, निदान देवळात तरी लोकांचे कपडे तपासू नका."

वसईत उर्सुलाताईंचं लग्नाचे गाऊन भाड्याने द्यायचं दुकान आहे. नवरा क्लेमेंट वटार गावात केळीची वाडी बघतो. २००४ च्या जानेवारीत ताईंनी हाँगकाँगहून गाऊनची एक पेटी मागवली. बाकीचे दुकानासाठी, पण त्यातला एक त्यांच्या ब्रेंडासाठी. जन्मभर दुसऱ्यांच्या मुली सजवल्या, आपली मुलगी काही भाड्याच्या गाऊनमध्ये अल्टारपुढे उभी राहणार नाही, हे ताईंनी ती पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. पेटी मुंबईला उतरली, त्याच आठवड्याच्या रविवारी लग्न होतं.

आणि नेमका तोच गाऊन अडला. संपदा मॅडम म्हणून एक नव्या अधिकारी होत्या, शिस्तीच्या. त्यांनी कापड दोन बोटांत धरून ओढलं, तर ते ताणलं गेलं.

"जयवंतराव, तुम्ही मागावरचं लिहिलंय. मला हे बनियनसारखं सुयांवरचं वाटतंय. लॅबला नमुना पाठवावा लागेल."

नमुना म्हणजे वीतभर रुंद, हातभर लांब तुकडा, कात्रीने कापून!

"मॅडम, मागावरच्या कापडातही ताणणारा धागा घालतात."

"घालत असतील. म्हणूनच तर लॅब."

त्यांचं चुकत नव्हतं, हीच पंचाईत. चुकलं असतं तर मी कडाकडा भांडलो असतो. मला भांडायला आवडतं.

ताईंनी फोनवरच रडायला सुरुवात केली. क्लेमेंट म्हणाला, "भाऊ, मॅडमना केळ्याचा एक घड नेऊन देऊ काय?" मी त्याला असा झापला, की त्याने फोन परत ताईंच्या हातात देऊन टाकला. "नमुना आमच्यासमोर काढा," एवढं मात्र मी मॅडमकडून कबूल करून घेतलं.

गुरुवारी मायलेकींना घेऊन मी कार्गोच्या गोदामात गेलो. मॅडम कात्री घेऊन उभ्या होत्या. त्यांचंही मन होत नव्हतं, कारण कात्री या हातातून त्या हातात जात होती. ब्रेंडा म्हणाली, "मॅडम, कापायच्या आधी एकदा अंगाला लावून बघू? मग काय, कापाच."

मॅडमनी मान हलवली. ब्रेंडाने गाऊन खांद्यांना धरून अंगाशी लावला. पोरगी आईवर गेलेली, उंची बेताची. गाऊनचा खालचा घेर चक्क लादीवर लोळत होता.

ताई डोळे पुसायच्या थांबल्या. खाली बघितलं, मग ब्रेंडाकडे, मग माझ्याकडे.

"अगं बाई! खालून कापा ना! ते तर मी तसंही कापणारच!"

गेली कित्येक वर्षं ही बाई बाहेरून आलेला प्रत्येक गाऊन आमच्या वसईच्या मुलींच्या मापाला खालून वीतभर कापते. त्या पट्ट्यांच्या उशा तिच्या घरभर पडल्यात. आणि हीच बाई एका तुकड्यासाठी चार दिवस जेवली नव्हती! मीही तिच्या घरी जाऊन त्यातलीच एक उशी पाठीशी घेऊन तिचं सांत्वन करत होतो. आता कोणाला गाढव म्हणायचं?

मॅडम एवढ्या हसल्या, की कात्री वाकडी चालायला लागली. ताईंनी ती त्यांच्या हातून काढूनच घेतली. "असं नाय बाय, तिरकं जाईल!" म्हणत सरकारी नमुना स्वतःच सरळ कापून दिला. लॅबने खाना बदलला तर वरची जकात भरू, असं हमीपत्र मी भरलं आणि गाऊन सुटला. रविवारी ब्रेंडा चर्चमध्ये चालत आली तेव्हा तो बरोबर बुटांच्या टोकांवर टेकला होता. मी बटणपट्टी बघितली नाही. तिचं तोंडच बघितलं.

लॅबचा निकाल आला, मागावरचं. मी म्हणतच होतो! उरलेला तुकडा मी हट्टाने परत मागून ताईंना दिला, कारण सरकारकडे चिंधीसुद्धा ठेवू नये असं माझं मत आहे.

पुढच्या वर्षी ब्रेंडाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला गेलो. बाळाच्या अंगात पांढरं झबलं होतं. मी सवयीने कापड दोन बोटांत धरलं. ते ताणलं गेलं.

ताई माझ्याकडे बघून हसल्या. "तुम्ही परत आणलेल्या तुकड्यात बरोबर एकच झबलं बसलं, भाऊ."

सुनंदाने मला कोपर मारलं. "काय हो, आईच्या लग्नाचा गाऊन ना हा? मग आता कुठल्या खान्यात?"

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. कपडा बाळाचाही वाटला आणि दुसऱ्या कोणाचाही वाटला, तर तो बाळाचाच धरायचा. इतकी वर्षं मी हा नियम नुसता पाठ म्हणत होतो. त्या दिवशी वाटलं, तो लिहिणाऱ्याच्या घरीही कोणीतरी पाळण्यात असणार.

"बाळाचा," मी म्हणालो, आणि चष्मा पुसायला काढला.